माझ्या वाटचा रोट

...नाही, तुम्हीच सांगा, माणसानं सोडून द्यायचं म्हणजे किती? तसं मी सोडलंय हां! माझ्या मनात काही नाही! पण सख्ख्या पुतणीच्या लग्नात काकाला, म्हणजे मला, ह्या निंबाला, भरीत वाढलं कशात? थर्माकोलच्या प्लेटीत! आणि एरंडोलच्या व्याह्यांना केळीच्या पानावर! पानं कुणाची? माझ्याच बागेतली हो, मीच ट्रॅक्टर भरून पाठवलेली!... जाऊ द्या. चार वर्षं झाली. प्लेट वाकली, तेल पायजम्यावर सांडलं, तो पायजमा न धुता जपून ठेवलाय... पण माझ्या मनात काही नाही!

तेव्हापासून थोरल्या भावाची, रुपचंद नानाची, पायरी चढलो नाही. समोरून आला की मी आभाळाकडे बघतो. एकदा असाच बघता बघता गटारीत गेलो, त्याचाही राग त्याच्यावरच!

तर तुम्हाला सांगतो, श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचे रोट आले. आमची ही म्हणते, "जा ना आते, देवीनं काम शे, इसरी जा बठ्ठं!" इसरी जा! सगळं विसरायला काय नळ आहे, फिरवला की बंद? चपला घालतोय, काढतोय, परत घालतोय... शेवटी निघालो. ठरवलं, दारातूनच म्हणायचं, "नाना, माफ केलं!" आणि उलट्या पावली परत.

नानाच्या दारात तोंड उघडणार, तोच मला आलेला बघून त्याची बायको, रत्ना वहिनी, कडाडल्या, "उनात का भाऊजी? आते तुम्हना रोट तुम्हीच खा!"

माझा रोट? कसला? आता आमच्याकडची रीत अशी, की घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मुठीनं गहू मोजायचा, त्याचे रोट करायचे आणि भाऊबंदांनीच संपवायचे. टाकायचे नाहीत, बाहेर कुणाला द्यायचे नाहीत. तर ही येडी माणसं दर वर्षी माझ्या नावाची मूठ घालत होती! बोलणं बंद, आणि मूठ चालू!

"मग खायचं कोण?"

"आखो कोन? ह्या!" वहिनींनी नानाकडे बोट केलं. नानाला साखरेचा आजार, आणि रोट खायचा दूध-गुळात! नाना कोपऱ्यातून म्हणतो कसा, "निंबा, तुना वाटाना रोट भलता जड जास रे..."

झालं! आता मी काय डोंबल माफ करणार? डोळ्यांत पाणी आलं हो, खोटं कशाला सांगू... रागानंच आलं! अशा माणसाशी वैर धरायचं तरी कसं? बसलो मुकाट्यानं, खाल्ला.

आता राग धरायला दुसरा माणूस बघा, त्याच्याशी ओळख वाढवा, मग भांडण काढा... ह्या वयात होतं का हो एवढं सगळं?