दोनशे मीटर खोल

(रविवार. फोनवर.)

वडील : …आणि हे लक्षात ठेव, हे घड्याळ समुद्रात दोनशे मीटर खोल चालतं. दगडावर आपटलं तरी चालतं. शेजारी तोफ डागली तरी चालतं.

मुलगी : आणि तुमच्या हॉलमध्ये?

वडील : हॉलमध्ये बंद पडतं.

मुलगी : नक्कल घेतली की असंच होणार. निवृत्तीची भेट म्हणून मी चांगलं अस्सल घेऊन देत होते, बाबा.

वडील : नक्कल म्हणू नकोस. नकलेवर दुसऱ्याचं नाव असतं. यांनी जुन्या पाणबुड्यांच्या घड्याळाचं फक्त रूप घेतलंय, नाव स्वतःचं लावलंय. याला आदरांजली म्हणतात.

मुलगी : बरं. आणि ती बाहेरची फिरणारी कडा कशाला?

वडील : टाकीत हवा किती उरली ते पाणबुडे तिच्यावर बघतात.

मुलगी : तुम्ही काय बघता?

वडील : अंडं उकडलं का ते.

मुलगी : एकच?

वडील : दुसरं कुणाला?

मुलगी : …दुकानात दाखवलंत ना?

वडील : आठवडाभर ठेवून घेतलं त्याने. तिथे अगदी गुणी बाळ. घरी आणून हातावर चढवलं की पुन्हा ठप्प. दुकानदार माझ्याकडे असा बघतो, जसा काही मीच बिघडलोय. तू त्या कंपनीला चांगलं खरमरीत लिही.

मुलगी : लिहिलं. उत्तरही आलंय.

वडील : मग इतका वेळ काय माझी परीक्षा घेत होतीस? काय म्हणतात?

मुलगी : विचारतात, घड्याळ घालणारा माणूस हलतो का?

वडील : हा काय प्रश्न झाला?

मुलगी : त्याला सेल नाही. आत एक छोटं वजन आहे. हात हलला की ते फिरतं आणि त्यावर घड्याळ चालतं. दुकानात अशी घड्याळं गोल फिरवणाऱ्या यंत्रावर ठेवतात, म्हणून तिथे चाललं.

वडील : हलतो की. माणूस आहे मी, फर्निचर नाही.

मुलगी : रोज सकाळी तळ्याभोवती फेऱ्या, संध्याकाळी बॅडमिंटन. दर रविवारी हेच सांगता मला.

वडील : बॅडमिंटन उजव्या हाताने खेळतात. घड्याळ डाव्या हातात असतं.

मुलगी : आणि फेऱ्यांना जाताना डावा हात घरी ठेवून जाता?

वडील : विमा कंपनीत माझ्या जागी तू हवी होतीस. खोटा दावा पकडायला मला निदान फाईल तरी उघडावी लागायची.

मुलगी : आपलं काय ठरलं होतं? हिंडताफिरताय तोवर तिथे एकटे राहा. नाहीतर माझ्याकडे यायचं.

वडील : तुझ्याकडे येऊन मी काय नाचणार आहे? तुमच्या सोफ्यावर बसेन. नुसता सोफा बदलेल.

मुलगी : पहिली दोन वर्षं घड्याळ कसं चाललं मग?

वडील : तेव्हा तुझी आई बसू कुठे देत होती! माळ्यावरून डबा काढा, हा नव्हे तो काढा, आता दोन्ही परत ठेवा. खऱ्या पाणबुड्यालाही एवढी वरखाली करावी लागत नसेल.

मुलगी : म्हणजे आई गेल्यापासून बंद पडतंय.

वडील : घड्याळाला काय कळतंय कोण गेलं ते.

मुलगी : ऐका. पुढच्या रविवारी फोन करीन. घड्याळ चालू असलं तर हा विषय बंद. बंद असलं तर मी तिकीट काढणार.

वडील : मंजूर.

(पुढचा रविवार. पुन्हा फोन.)

मुलगी : किती वाजले तुमच्या घड्याळात?

वडील : सहा वाजून बारा मिनिटं. मोबाइलशी ताडून बघ.

मुलगी : बाबा! अगदी बरोबर!

वडील : आठवडाभर एकदाही थांबलं नाही.

मुलगी : बघा, मनावर घेतलंत की होतं. मला वाटलं होतं तुम्ही हात हलवत बसाल नुसते. तळ्यावर कोण कोण भेटतं?

वडील : असतात आपले. बदकं वगैरे.

मुलगी : हा घुर्र घुर्र आवाज कसला येतोय?

वडील : फ्रिज असेल.

मुलगी : फ्रिज स्वयंपाकघरात आहे. तुम्ही सोफ्यावर आहात.

वडील : कशावरून?

मुलगी : बाबा.

वडील : …यंत्र आहे. त्या दुकानदाराकडूनच आणलं. टीव्हीशेजारी छान बसलंय. आणि हे बघ, घड्याळ चालू असलं पाहिजे एवढंच तू म्हणाली होतीस. हातावर चालू, असं म्हणाली नव्हतीस.

मुलगी : मग हातात काय घालता?

वडील : काही नाही. इथून दिसतं सरळ. मानसुद्धा वळवावी लागत नाही.

मुलगी : मी तिकीट काढतेय.

वडील : तुझं की माझं?

मुलगी : अजून ठरवलं नाही. आधी मी येते. काय आणू?

वडील : काही नको. घरात एखादं जुनं घड्याळ पडलं असेल तर आण. यंत्रात दोन घड्याळांची जागा आहे. दुसरी रिकामीच फिरते.