पूजेला बसलेला कॉम्प्युटर

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं वसू! बोल बोल. नैवेद्याचं हरभऱ्याचं सुंडल झालं का तुमच्याकडे?… काय?… रडतेस का तू? आधी रडणं थांबव बघू. रडत बोललीस तर मला इकडे नुसतं नाक ऐकू येतं.

चंद्रमतीबाईंनी खोवलेल्या नारळाचं ताट नवऱ्याच्या, रंगरावांच्या पुढ्यात सरकवलं, हात पुसले आणि खुर्चीत ताठ बसल्या. तंजावूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं कानाला हेडसेट लावून काढलेली बाई. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी रिसीव्हर उचलला की पाठ आपोआप सरळ व्हायची. पलीकडे, पापनाशमला, त्यांची धाकटी बहीण वसुमती होती.

हं… हं… पुण्याहून? कीर्तनाला?… म्हणजे ती झाडापानांची संशोधन संस्था ना? तिथं निवडलं पोरीला? मग हे रडायचं कारण आहे का गं!… 'येते' म्हणून आज बाराच्या आत ई-मेल करायचं. बरं… नाही केलं तर?… यादीतल्या पुढच्या मुलीला देणार. अय्यो! अहो, किती वाजले?… अकराला पाच कमी.

बुधवारी पत्र आलं नि शुक्रवारी मला सांगतेस होय?… तुझ्या सासूबाई, मामी, हो म्हणेनात. खरंय. नात एवढ्या लांब जायची म्हटल्यावर… काल संध्याकाळी म्हणाल्या हो. म्हणाल्या ना? मग झालं तर. पुण्याला फोन करून बघितलास?… 'लेखी हवं, मुलीच्याच पत्त्यावरून मेल करा.' म्हणजे माझ्याकडून चालायचं नाही. …आणि ते स्टँडजवळचं ब्राउझिंग सेंटर?… हो गं बाई, आज नवमी, आयुधपूजा. शटरला हार घालून, चुरमुरे-फुटाणे वाटून सगळे घरी गेले असणार.

बरं, घरच्या कॉम्प्युटरला काय धाड भरलीय?… लागतं पण उघडत नाही म्हणजे काय?… वसू, एकेक सांग. मोडेम किरकिरतं का?… किरकिरतं. खाली कोपऱ्यात ते दोन चिमुकले कॉम्प्युटर येतात?… येतात. नि पान उघडायला गेलं की 'सापडत नाही'. सगळी पानं तशीच… कधीपासून?… काल संध्याकाळपासून. काल संध्याकाळी काय केलंत तुम्ही?… खरं सांग. मी नाही रागवत.

थोरल्या बहिणीचं 'मी नाही रागवत' किती खरं असतं हे वसुमतीला जन्मापासून ठाऊक. तरी तिनं सांगून टाकलं.

हो… अगंबाई, तुझ्या यजमानांची, राममूर्तीरावांची ती राहुकाळाची पट्टी! मलाही पाठवली होती त्यांनी. 'फुकट आहे अक्का, उतरवून घ्या, रोज पडद्यावर राहुकाळ दाखवते.' दाखवायची बरोबर, खोटं कशाला बोलू. पण तिच्या मागून जाहिराती किती शिरल्या! एक मिटवली की तीन उघडायच्या. ह्या वयात मला टकलाचं औषध नि लॉटरी… हो, हो… मग?… पूजेआधी घर झाडलंत, पुस्तकं झटकलीत, तेव्हा मशीनही आतून स्वच्छ करावं म्हणून… मासिकातली सीडी घातलीस… नि तिनं दाखवलं ते सगळं काढून टाकलंस. किती निघालं?… दोनशे एक्केचाळीस! शाब्बास! खरकटी कढई घासावी तसं घासलंस की गं.

रंगराव नारळ खाताखाता हसले. चंद्रमतीबाईंनी त्यांच्याकडे बघून डोळे वटारले, पण त्यांचा स्वतःचा जीव मात्र भांड्यात पडला होता. दुखणं ओळखीचं निघालं होतं.

रडू नकोस. अगं ऐक ना… मशीन मेलेलं नाही. माझंही मागच्या आठवड्यात अस्संच झालं. कॉम्प्युटरच्या दुकानातला पोरगा, सुंदर, आला नि एका ओळीत बरं करून गेला… ओळ म्हणजे ओळ गं, लिहायची. मी वहीत उतरवून घेतलीय… कसं म्हणजे? ती पट्टी गुपचूप मध्ये ऑपरेटर होऊन बसली होती. जाणारं-येणारं सगळं तिच्या हातून. तू तिला हाकललंस, ते चांगलंच केलंस, पण मशीनला अजून वाटतंय ती खुर्चीत आहे. ते आपलं निरोप देतंय नि घ्यायला कोणी नाही. ही ओळ लिहिली की ते तारा पहिल्यासारख्या सरळ जोडून घेतं. बसव कीर्तनाला मशीनपुढे. मी वही आणते…

काय?… बसवता येत नाही? का?

वही आणायला उठलेल्या चंद्रमतीबाई पुन्हा खुर्चीत बसल्या.

पूजा झाली?… कीबोर्डला गंध, पडद्याला हार… उद्या दशमीला पुनःपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. मामी मशीनसमोर पाट टाकून बसल्यात… आणि राममूर्तीराव?… ते आईपुढे बोलत नाहीत. कीर्तना?… आतल्या खोलीत. अगं, तिला म्हणावं…

तेवढ्यात त्यांची नजर स्वतःच्या देवघराकडे गेली. सरस्वतीसमोर पुस्तकांची उतरंड होती, वर लाल रेशमी खण, खणावर फुलं. आणि त्या उतरंडीत, पंचांगाच्या खाली, निळ्या पुठ्ठ्याची ती वही. सकाळी त्यांनीच ठेवली होती. सरस्वतीपूजेच्या दिवशी लिहायचं नाही, वाचायचं नाही, हे त्यांनी चार वर्षांच्या असल्यापासून पाळलं होतं. रंगरावांनीही तिकडे बघितलं आणि चमचा खाली ठेवला.

वसू… मामींना दे फोन… अगं दे म्हणते ना. पाटावरून उठवू नकोस, वायर लांब करून तिकडेच ने.

मामी, नमस्कार करते. चंद्रमती… हो, झालं सुंडल. तुमची तब्येत?… मामी, मी वाद घालायला नाही आले. सरस्वतीपुढे बसवलेलं उठवू नये, मान्य. माझीही वही तिच्यापुढे आहे, नि वहीविना मला ती ओळ सांगता येत नाही. एक गोष्ट सांगते, मग तुम्ही म्हणाल तसं.

आमच्या एक्स्चेंजमध्ये आयुधपूजा व्हायची… हो, मोठी. बोर्डाला झेंडूची माळ, एकेका प्लगला कुंकू. एका वर्षी, बहात्तर साली, आरती चालू होती नि बोर्डावर दिवा लागला. मद्रासहून लाइटनिंग कॉल, सगळ्यात तातडीचा. आमच्या सुपरवायझर कमलाक्षीबाई म्हणाल्या, थांब, पूजा पुरी होऊ दे, कुंकू ओलं आहे. मी नाही थांबले मामी. प्लग ओढला. बोटं लाल झाली माझी… पापनाशमच्या भाताच्या गिरणीत लावायचा होता तो… हो. तुमच्या शेजारची गिरणी… हो मामी. मीच होते.

चंद्रमतीबाईंचा आवाज खाली आला.

कॉलेजच्या हॉस्टेलचे वॉर्डन बोलत होते. मुलाचं अपेंडिक्स फुटलंय, कापायला घरच्यांचा होकार हवा. मामा शेतावर गेले होते. गिरणीतला माणूस तुम्हाला धावत घेऊन आला. तुम्ही 'थांबा, ह्यांना विचारते' म्हणाला नाहीत. 'करा' म्हणालात. एवढंच… कसं विसरेन?… तुम्हाला कधी बोलले नाही, कारण खात्याची तशी शपथ असते, तारेवर ऐकलेलं बाहेर काढायचं नाही. बत्तीस वर्षं पाळली. पुढे वसूसाठी तुमचं स्थळ आलं ना, तेव्हा आमचे वडील, आप्पा, का-कू करत होते. मी नाव ओळखलं नि म्हटलं, द्या मुलगी, ही बाई वेळेला डगमगत नाही.

मामी, आजही एक होकारच पाठवायचाय. तुमच्याच घरातून.

पलीकडे सामसूम. लाइन तुटल्याची सामसूम वेगळी आणि माणूस गप्प झाल्याची वेगळी, हे चंद्रमतीबाईंच्या कानांना झोपेतही कळलं असतं. त्या थांबल्या. घड्याळात अकरा वाजून अठरा मिनिटं झाली होती.

हं… हं… मामी, रडू नका हो… काय?… दूध दाखवून, क्षमा मागून, उत्तरेला जरासं सरकवलं तर? अहो, तसंच तर उठवतात! चालेल का काय विचारता!… हो, मीही इकडे तसंच करते. तुमच्याबरोबरच. अहो, वाटीत दूध आणा! बघत काय बसलात?

रंगरावांनी वाटीत दूध आणलं. चंद्रमतीबाईंनी रिसीव्हर खांद्याला दाबून धरला, हात जोडले, खणाखालची निळी वही चार बोटं उत्तरेकडे सरकवली आणि मग ओढून काढली. पुठ्ठ्यावर हळदीचा डाग पडला होता.

हॅलो, कोण, वसू? झालं का?… आता काय?… राहुकाळ? अगं हो, शुक्रवार, साडेदहा ते बारा! राममूर्तीराव म्हणतात बारापर्यंत थांबा? त्यांना म्हणावं, पट्टी काढलीत ना, आता पट्टीसारखं बोलू नका… मामी काय म्हणाल्या?… 'तुझं पोट राहुकाळ बघून फुटलं नव्हतं'! अय्यो देवा! काय बाई आहे! मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतंय गं!

बसली कीर्तना?… गंध ओलं असेल तर पुसून घे म्हणावं. स्टार्ट. मग रन. सी, एम, डी. ओके… काळी खिडकी आली?… घाबरायचं नाही, ती काळीच असते. आता मी सांगते तसं तू तिला मोठ्यानं सांग. नागपट्टिनमचा एन… ईरोडचा ई… तंजावूरचा टी… सेलमचा एस… होसूरचा एच. झालं?… हसतेय का ती? हसू दे. ट्रंक बोर्डावर असंच सांगायचो आम्ही, चूक व्हायची नाही. आता एक जागा सोड. वालाजापेटचा डब्ल्यू… इंदूरचा आय… परत नागपट्टिनम… परत सेलम… ऊटीचा ओ… अगं ऊटी इंग्रजीत ओ-नंच लिहितात!… चिदंबरमचा सी… कुंभकोणमचा के. पुन्हा जागा. रामेश्वरम, ईरोड, सेलम, ईरोड, तंजावूर.

सगळं परत वाचायला लाव… हं… हं… बरोबर. मार एंटर.

…काय आलं?… नीट वाच… यश आलं म्हणतंय! नि मशीन बंद करून चालू करा. करा, करा. साडेअकरा होतायत.

मशीन उठेपर्यंत दोघी बहिणींना गप्प कुठलं बसवतंय!

पुण्याला राहणार कुठं ती?… वसतिगृहात. चांगलं आहे… भाषेचं काय? मराठीच की तिथं!… हसतील थोडं. हसले तर हसू दे, आपण तीनशे वर्षं इकडे राहून भाषा सांभाळली, त्यांना कौतुकच वाटेल… हो गं, पाट्या वाचता येणार नाहीत तिला. मला तरी कुठं येतात? माझी वहीसुद्धा तमिळ अक्षरांत आहे. शिकेल महिन्याभरात… तुला करमणार नाही. मला माहीत आहे. मलाही नाही करमणार, कण्णा, माझ्या बाळा. पण पाठव.

आलं मशीन? बरं. आता फोन ठेव… ठेव म्हणजे ठेव! तू बोलत राहिलीस तर इंटरनेट लागणार कसं? एकच तार आहे ना तुझ्या घरात… मी इथंच बसते… भीती कसली? नाही उघडलं तर लगेच मला फोन कर, अजून वीस मिनिटं आहेत. नि उघडलं तर फोन नको करूस! आधी मेल जाऊ दे. मेल गेलं असं अक्षरात येईपर्यंत तार सोडू नका… हो… हो… अगं ठेव आता!… तू आधी?… बरं, मी ठेवते.

त्यांनी ठेवला.

अकरा एकेचाळीस. रंगरावांनी न विचारता कॉफी आणून दिली. फोन काळाठिक्कर बसून होता. पाच मिनिटं गेली, वाजला नाही. चंद्रमतीबाईंना राहवेना; त्यांनी पापनाशमचा नंबर फिरवला. टूँ… टूँ… टूँ… एंगेज. ठेवला. अकरा पन्नासला पुन्हा फिरवला. एंगेज.

"लागत नाही का?" रंगरावांनी काळजीनं विचारलं.

"नाही लागत," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं तोंड हसण्यानं भरून गेलं. "अहो, पान उघडलं नसतं तर आपली वसू मला फोन केल्याशिवाय नऊ मिनिटं राहिली असती का?"

बाराला तीन मिनिटं असताना त्यांनी शेवटचं फिरवलं. चौतीस वर्षं ह्या आवाजापायी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, 'सॉरी, लाइन बिझी आहे' म्हणून घसा कोरडा केला. आज त्यांनी रिसीव्हर कानाला लावून तो आवाज डोळे मिटून ऐकला, आणि मग रंगरावांच्याही कानाला लावला. टूँ… टूँ… टूँ… तार गुंतली होती. पोरीचा होकार निघाला होता.

मग त्यांनी घाईघाईनं रिसीव्हर ठेवून दिला. वसूचा फोन यायचा, आणि आपलीच लाइन एंगेज नको.