मांडवातली कोरडी चड्डी

चहा पाजला म्हणून सांगतो, पुन्यांदा विचारू नका.

सुदुंबऱ्याच्या लग्नाला मी नातीला, चिमीला, डायपरशिवाय नेली. उन्हाळाभर तिला पायावर बसवून मीच सवय लावली व्हती.

सुनेची आई शांताबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "आबा, ही तुमचं धोतर भिजवणार. दुसरं आणलंय का?"

ऐन मंगलाष्टकात मांडीवरची चिमी वरडली, "आबा, शूऽऽ!"

भटजी गपकन थांबले. मी हातातल्या अक्षता टाकल्या, पोरीला उचललं आन मांडवामागच्या बांधावर पळालो.

काम झालं. परत येऊन विहीणबाईंच्या नाकापुढं चड्डी धरली. "घ्या, चाचपून बघा. कोरडी हाय!"

सगळा मांडव हसला. चिमीनं टाळ्या पिटल्या. मग नवरा-नवरीवर अक्षता पडल्या.

माफी तेवढी आजून आली न्हाई. लोणावळ्याच्या शांताबाईंकडून यायचीय.