सहा फुटांवरची आई

नाही, चांगलं नाहीये. तिसऱ्यांदा सांगतेय — चांगलं नाहीये, आणि तू तिसऱ्यांदा विचारलंस म्हणून ते चांगलं होणार नाही. बस खाली. त्या खुर्चीवर नको, तिथे बसलास की अर्धा टीव्ही झाकतोस. सोफ्यावर बस. आणि मला आजी म्हणू नकोस. तुमच्या कंपनीच्या पत्रात काय लिहिलंय? 'मूळ प्रिंटच्या रंगतज्ज्ञ.' मग तसं म्हण, नाहीतर काहीच म्हणू नकोस. एकतीस वर्षं मी लॅबमध्ये काढली. निगेटिव्ह यायची, आणि कुठला शॉट उजळ छापायचा, कुठला गडद, लाल किती, निळा किती — ते मी ठरवायचे. हा सिनेमा मी छापला तेव्हा तुझ्या आईचं लग्न तरी झालं होतं का? नव्हतं ना. मग मला 'हल्लीच्या प्रेक्षकांना असंच आवडतं' हे शिकवू नकोस.

पुढे घे. थांब, इथे थांब. ही शेळी बघ. तीन मुलं घरमालकापासून लपवून घरात शेळी पाळतात — सगळा सिनेमा त्या शेळीचा, आणि तुम्ही तिच्या अंगावरचा एकेक केस पुसून टाकलात. साबणाची वडी दिसतेय. का? तर म्हणे फिल्मवर दाणे होते. अरे, फिल्म म्हणजेच दाणे. ते घासून काढलेत की त्यांच्याबरोबर कातडी जाते, सुरकुत्या जातात, बापाची दोन दिवसांची दाढी जाते — हा बाप बघ, कपड्याच्या दुकानातला पुतळा झालाय. मालकाला घाबरलाय तो, त्याच्या कपाळावर घाम होता. कुठे गेला घाम? तुमच्या मशीनला घामसुद्धा दाणेच वाटले. आणि स्वयंपाकघरातला दिवा — तो पिवळट, आजारी दिवा होता, भाडं थकलेल्या घरातला. तुम्ही तो असा पेटवलाय की मला डोळ्यांवर हात धरावा लागतो. या नव्या डिस्कच्या पाकिटावर काय छापलंय? चारपट बारकावे. कसले बारकावे, घरात होते ते सगळे झाडून बाहेर टाकलेत.

हसू नकोस. पुढे घे. घे ना, का थांबलास? जिना येईल आता. आईला शेळीचा पत्ता लागतो, ती ओरडायला म्हणून येते आणि जिन्यावर बसून हसायला लागते, हसता हसता रडते — तो शॉट. लोक त्या शॉटसाठी दोन-दोनदा यायचे. बायका पोरांना मांडीवर घेऊन रडायच्या. एकदाच घेतला तो. दिग्दर्शक म्हणाला, परत घेऊ. ती नटी म्हणाली, मला परत नाही जमणार, आणि उठून गेली ती —

हे काय आहे?

मागे घे. परत लाव. हे — हे काय केलंय तुम्ही? हिचा चेहरा स्वच्छ कसा? पापणी दिसतेय, दातावरची रेघ दिसतेय. हा शॉट असा नव्हता. मशीनने केलं? मशीनने म्हणजे काय, मशीनला काय माहीत तिची पापणी कुठे होती ते? अंदाजाने काढली? बाईच्या चेहऱ्यावर अंदाजाने पापण्या काढल्यात, आणि 'मूळ प्रिंटप्रमाणे आहे' म्हणून माझी सही मागायला आलास? दे तो कागद इकडे. नाही, पेन नकोय. या सिनेमाच्या चित्राबद्दल मी एकदा सही केलेली आहे, ती पुरे झाली.

कसली म्हणजे? लॅबच्या रिपोर्टवर. शॉट धूसर आला होता, तर रिपोर्ट नको? तिच्या मागे खुंटीवर तीन कोट टांगलेले होते — त्यांच्या गुंड्या मोजून घ्याव्यात इतके स्वच्छ, आणि पुढे बसलेली आई धुक्यात. निर्माता माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला — चूक कोणाची, लेन्सची, लॅबची की माणसाची? मी लिहून दिलं — लेन्स ठीक, निगेटिव्ह धुण्यात दोष नाही, अंतर राखण्यात सहाय्यकाची चूक. खाली सही. आणि शॉट इतका गडद छापला, की लोकांना वाटावं मुद्दामच अंधार ठेवलाय. त्याबद्दल एका समीक्षकाने कौतुकही केलं — 'अंधारातलं मातृत्व'. कात्रण असेल कपाटात. आमच्या ह्यांनी ते कधी वाचून घेतलं नाही.

हे म्हणजे माझा नवरा. कॅमेरामन. तुला माहीत नव्हतं? पाकिटावर मोठ्या अक्षरात नाव आहे त्यांचं, वाचता तरी का तुम्ही लोक?

तो सहाय्यक — फीत म्हणायचे त्याला सगळे. कॅमेऱ्यापासून नटाच्या नाकापर्यंत फीत लावून अंतर मोजायचं आणि तेवढ्यावर लेन्स फिरवून ठेवायची, हे त्याचं काम. सडपातळ, कमी बोलणारा, बायको बाळंतपणाला गेलेली. चूक त्याचीच असते मग, नाही का? मोजणार तो, तर चूक त्याची. कोणालाही विचार. रिपोर्ट दिला त्याच दुपारी काढला त्याला. सिनेमाच्या पाट्यांमधून नाव काढलं. पुन्हा कोणी घेतला नाही, आई धूसर करणारा माणूस कोण घेणार?

काय म्हणालास? ह्यांनी काही म्हटलं नाही का?

हे काय म्हणणार. निगेटिव्ह बघून मी घरी आले, तर हे कपात चहा ओतत होते आणि तो कपाच्या बाहेर पडत होता. त्या वर्षभरात असं बऱ्याचदा व्हायचं. मधलं दिसायचं नाही त्यांना, कडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यावर उपाय नाही. मला माहीत होतं, आणखी कोणाला नाही. कॅमेरामनचे डोळे गेले असं एकदा कळलं की संपलं, तू ठेवशील कामावर? मी विचारलं, जिन्यावर काय झालं? म्हणाले, तो सहा फूट म्हणत होता. मी भिंगातून पाहिलं, मला बरोबर वाटलं, मी म्हटलं आठ. तो म्हणाला, साहेब, फीत सहा दाखवते. मी म्हटलं, फीत बघते की मी बघतो? — मग त्याने आठ लावले.

दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट लिहिला. ह्यांनी लिही म्हटलं नाही. नको लिहू, असंही म्हटलं नाही. पुढे दोन सिनेमे मिळाले त्यांना, मग डोळे पूर्णच गेले.

मान हलवू नकोस. तुझी दया नकोय मला. तू असतास तर काय केलं असतंस, खरं लिहिलं असतंस? सगळे लिहितात खरं, दुसऱ्याच्या नवऱ्याबद्दल असलं की.

एकदा भेटला तो. अकरा वर्षांनी, बसमध्ये. पडद्यांच्या दुकानात होता, लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायचा. मला बघून उठला, जागा दिली. मी म्हटलं, आता हा बोलणार, चारचौघांत बोलणार, आणि बोलू दे. तर वाकून हळूच विचारतो — वहिनी, साहेबांचे डोळे कसे आहेत आता?

त्याला माहीत होतं. त्या दिवशी सेटवरच कळलं होतं त्याला. एक शब्द बोलला नाही, ना निर्मात्यापाशी, ना कुठे. मी म्हटलं, बरे आहेत. आणि माझा स्टॉप यायच्या आधीच उतरले. ती जागा तशीच रिकामी होती, तो बसला नव्हता परत, खिडकीतून दिसलं मला.

आणि तुम्ही आता ती आई स्वच्छ केलीत. घरोघरी लोक बघतील, वा, काय चित्र आहे. कुठेच चूक नाही. मग त्या माणसाला काढलं कशासाठी?

काय? डिस्कबरोबरच्या पुस्तिकेत? काय छापशील पुस्तिकेत? मी काय सांगितलं तुला? मी चित्राबद्दल बोलले. दाणे परत आणा, दिवा खाली घ्या, आणि जिन्याचा शॉट होता तसा धूसर ठेवा, अगदी तेवढाच — एवढं सांगितलं. यापलीकडे एक अक्षर मी बोललेले नाही. कारण विचारलं तर सांग, बाई हट्टी आहे. ऊठ. तुझी वायर काढून घे टीव्हीची. ती नाही, ती माझी आहे. दुसरी. — बघतोयस काय? जा म्हटलं ना.