धरायला मानूस लागतो

...न्हाई, तुमीच सांगा, मानसानं चिडायचं का न्हाई? शेजारच्या शाबानची म्हैस माज्या बरसिमाच्या चाऱ्यात शिरली, मी बगितली, काठी घेतली आन् वरडत सुटलो, सोडा मला, आज ह्या शाबानला कालव्यात बुडवतो, सोडा मला म्हनतो ना... आन् मागं बगतो तर काय? मला कुनी धरलंच न्हाई. समदं गाव बांधावर मोबाइल धरून हुबं. मोबाइल धरत्यात, मला धरत न्हाईत. आता ज्येला कुनी धरलंच न्हाई त्येनं ‘सोडा मला’ म्हनून जायचं कुटं? राग काय, येकट्याला बी येतो. पन तुमास्नी सांगतो, धरायला मानूस लागतो.

आन् हे कुनामुळं? माज्या सख्ख्या पोरीमुळं. इंतिसारमुळं.

आदी असं नव्हतं. आमच्या कफर अबू शनब गावात मितवल्ली म्हंजे आग, असं नाव व्हतं माजं. आन् माजा चुलतभाऊ बरई म्हंजे त्या आगीवरचं पानी. म्हशीयेवडा मानूस. मी वरडलो रं वरडलो की ह्यो मागनं माज्या काखेत हात घालनार, “मितवल्ली, नबीवर सलाम म्हन. सैतानाला शाप दे.” मी झटके देनार, फेटा पडनार, कुनीतरी उचलून झटकून देनार. तिकडं शाबानला त्येची मानसं धरनार. त्यो तिकडनं माजा बाप काडनार, मी हिकडनं त्येचा आजा काडनार, आन् मग कावाखान्यात सगळे मिळून चहा. आयुष्य गेलं असं. कुनाला खरचटलं सुदिक न्हाई. का? तर धरायला मानूस व्हता.

तर पोरगी गेली कैरोला, एम.ए. करायला. म्हनलं, कशात करतीस? म्हनली, “सादरीकरणाचा अभ्यास, आबा.” म्हनलं, नाटक? म्हनली, “नाटक नाही. म्हणजे नाटकही. पण लग्न, मयत, बाजारातली घासाघीस, निवडणुकीची सभा... माणूस चारचौघांत जे जे करतो ते सगळं.” म्हनलं, मग मास्तर कशाचा? म्हनली, “एक नाटकाचे, एक समाजशास्त्राचे, एक भाषेच्या बाई, एक नाचाच्या.” म्हनलं, आगं म्हंजे कोशरी म्हन की. भात, मसूर, मॅकरोनी, चने, समदं येका ताटलीत कोंबायचं आन् वर तळलेला कांदा. पोरगी हसली. म्हनली, “हो आबा, कोशरीच. आणि वरचा कांदा तुम्ही.”

मला काय कळलं न्हाई. पन कौतुक वाटलं. गावभर सांगत सुटलो, पोरगी मला कांदा म्हनली.

मग सुट्टीला आली ती क्यामेरा घिऊन. मी भांडायला निगालो की ही मागनं. मला वाटलं, शहरात बापाची याद येत आसंल, म्हनून घेती बिचारी. आता खोटं कशाला बोलू, त्या सुट्टीत मी जरा जास्तीच भांडलो. येकदा तर शाबानची म्हैस त्येच्या गोठ्यातच बांदलेली. त्यो बाहेर येऊन म्हनला, “आज कशापायी रं?” म्हनलं, पोरगी जायची हाय, उरकून घिऊ. त्यो बी भला मानूस. म्हनला, “थांब, सदरा बदलून येतो.”

तर त्या डिग्रीचा दिवस आला. डिग्री द्यायच्या आदी इद्यापीठात मास्तर लोक मंचावर बसत्यात आन् चारचौघांत पोरीशी वाद घालत्यात. त्यात पोरगी टिकली तर डिग्री. आता माज्या पोरीशी कुनी वाद घालनार आन् मी घरी बसनार? मायक्रोबस केली. मी, बायको नईमा, बरई, त्येची बायको, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या... आन् मांडीवर भरलेली बदकं, फतीरच्या तुपाळ रोट्यांच्या चळती, मधाचा डबा. मास्तरांला खाऊ घातल्याबिगर डिग्री पचत न्हाई, असं नईमाचं मत. रस्ताभर बदकाचं तूप माज्या नव्या पायघोळ गलाबियावर ठिबकत व्हतं.

हॉलात पयल्याच रांगंत बसलो. दिवे मालवले, आन् पडद्यावर कोन? मी. ह्यो येवडा. नाकातले क्यास दिसत व्हते. पोरगी काळा झगा घालून हुबी, आन् इषयाचं नाव वाचती, “‘सोडा मला’: गावाकडच्या भांडणात धरणाऱ्याचं स्थान.”

मी खुर्चीत खाली सरकलो.

“पाहा,” म्हनली, “धावण्याआधी ते मागे वळून बघतात.” पडद्यावर मी मागं बगतो. “बरईकाका जागेवर आहेत याची खात्री झाली, की मगच धावतात.” पडद्यावर मी धावतो. “काकांना यायला उशीर झाला की पावलं लहान होतात. हात आधी काठीकडे नाही, फेट्याकडे जातो. म्हणजे भांडण दोघांचं नाहीच, धरणाऱ्याचं आहे. त्याला काढून घेतलं, तर भांडणारा आपणहून थांबेल.”

अख्खा हॉल हसतोय. नईमा तर पदर तोंडात कोंबून हसती. तिकडं बरई ताठ बसलेला, नवऱ्यामुलावानी. त्येला आयुष्यात पयल्यांदा कळलं की आपन महत्त्वाचं हाय.

मग त्यो टकल्या मास्तर उठला. डॉक्टर रऊफ. कोरडा मानूस, आवाज बी भुशासारका. म्हनला, “मुली, हे धड नाटक नाही, धड समाजशास्त्र नाही. शिवाय तुझा मुद्दाच लंगडा आहे. राग हा राग असतो. कुणी धरलं नसतं, तर हा माणूस गेलाच असता आणि काठी घातलीच असती. परत लिही. पुढच्या वर्षी ये.”

पोरीचं तोंड येवडंसं झालं. दोन वर्सं कैरोत अर्ध्या पोटानं राहिलेली पोर ती. बापाचं डोस्कं राहील ठिकान्यावर? हुबा राहिलो आन् ठोकली आरोळी, सोडा मला, ह्या टकल्याला दावतो.

आन् मागं बगितलं. बगितलंच ओ, काय करनार, सवय.

बरई हाताची घडी घालून बसलेला. म्हनलं, बरई... म्हनला, “जा की. पोरगी म्हनतीया, तू जात न्हाईस.”

आता आली का पंचाईत? निगालो. पयली पावलं झोकात टाकली. वाटलं, कुनीतरी शिपाई, वॉचमन, कुनीतरी मुसलमान मानूस उठंल, म्हनंल नबीवर सलाम म्हना. कुनी न्हाई. शिकलेली मानसं. बसून ऱ्हायली. आन् माईकवर माजी लेक बोलतीया, “सर, पावलं पाहा. लहान होतायत.” मी पायाकडं बगितलं. झालती लहान. “आता हात फेट्याकडे जाईल.” मी ठरवलं, मेलो तरी फेट्याला हात लावनार न्हाई. आन् बगतो तर हात डोक्यावर.

पोचलो बगा मंचावर. ह्यो मी, ह्यो टकल्या, मंदी पान्याचा पेला. आता ध्यान द्या, काय पेच व्हता त्यो. हानली येक, तर माजी इज्जत राहती, पन टकल्या खरा ठरतो आन् पोरीची डिग्री जाती. न्हाई हानली, तर पोरीला डिग्री, आन् मितवल्ली अख्ख्या कैरोदेखत फुसका. पोरगी माज्याकडं बगतीया. लहानपनी कालव्यावरनं उडी मारायच्या आदी बगायची ना, तशी. धरशील न्हवं आबा?

मी खाकरलो. म्हनलं, “डॉक्टरसाहेब... बदक गार व्हतंय.”

मग त्या भुशाच्या मानसाला हसू फुटलं ते थांबंना. चष्मा काडून डोळं पुसत म्हनला, “काका, फार लांबून आलात हे सांगायला.” म्हनलं, व्हय, लई लांब वाटलं. मग मास्तर लोक आत गेले, बाहेर आले, आन् पोरगी पास. ‘उत्कृष्ट’ शेऱ्यासकट. बायांनी जिभा वळवून अशी लुलूलू केली की छताचे पंखे हलले. टकल्यानं तर बदकाची तंगडी मागून घेतली.

गावात मी सांगतो, हात उचललावता, पन पोरीसाठी मागं घेतला. खरं काय ते त्या बदकाला ठाऊक.

पन नुकसान बगा. ती फिलिम कावाखान्यात लागली, रोज लागती. आता गावात मी आवाज चडवला की लोक म्हनत्यात, “मितवल्ली, पावलं बग.” बरईला म्हनलं, गड्या, घरची गोष्ट हाय, धरत जा. म्हनतो, “मी धरलं तर पोरीची डिग्री खोटी पडंल.” पोरीला फोन केला. तर म्हनती, “आबा, आता याच्यावरच पीएच.डी. करते. थोडे दिवस असेच राहा.”

तर परवाची ती म्हैस. काठी घिऊन मी निगालेलो, मागं कुनी न्हाई. समोरनं शाबान वरडत येतोय, सोडा मला म्हनून. त्येला बी कुनी धरलं न्हाई. आलो की जवळ जवळ. नाकाला नाक. त्येच्या तोंडाला कांद्याचा वास.

त्यो हळूच म्हनला, “मितवल्ली... आता रं?”

म्हनलं, मला धर.

म्हनला, “आन् मला कोन धरनार?”

मग काय? त्येनं मला धरलं, मी त्येला धरलं. गच्च. दोगं बी वरडतोय, सोडा मला, सोडा मला. बांधावर समदे टाळ्या पिटत्यात. म्हैस आमच्याकडं बगत बगत सगळं बरसीम खाऊन आपली आपन गोठ्यात गेली. लोकं पांगली. आमी हुबेच. आदी त्येनं सोडावं का आदी मी? आदी सोडंल त्यो हरला न्हवं?

धरायला मानूस गावला, तुमास्नी सांगतो... आता सोडवायला कुनी गावंना.