हॉलिसची मूठ

ओहायोतल्या आमच्या गावात बंदुका दुरुस्त करणारा ड्वेन एकटाच, म्हणून शनिवारी त्याच्या दुकानात रांग असते. माझ्यापुढे विल्मा होती. गेलेल्या नवऱ्याचं, नेमबाजीचं जुनं स्टेनलेसचं रिव्हॉल्वर तिने रिकामं करून काउंटरवर ठेवलं.

“विकताय की काय, वहिनी?” ड्वेनने विचारलं.

“विकू कशाला? हॉलिस गेला, मी आहे अजून. ही लाकडी मूठ घासून बारीक कर. माझं बोट चापापर्यंत पोचत नाही.”

“अहो, त्याने स्वतःच्या हाताच्या मापाने कोरलीय ही! अख्खा हिवाळा लागला त्याला.”

“माहितेय. भुसा मीच झाडत होते.”

“रबराची मूठ बसवून देतो ना. ही ठेवा आठवण म्हणून.”

“मला अक्रोडाचं लाकूडच आवडतं.”

“नेमबाजीच्या क्लबात लोक काय म्हणतील?”

“तीस वर्षं म्हणताहेत तेच. विल्माचा हात लहान, तिचा नेम कसला लागतोय! हॉलिसही म्हणायचाच की.”

“तो प्रेमाने म्हणायचा हो.”

“प्रेमाने म्हटलं तरी माझी गोळी बाहेरच जायची.”

“आणि तुमच्या ट्रॅव्हिसचं काय? पोराच्या हातात ही मूठ अगदी चपखल बसते.”

“बसते ना. उद्या रिव्हॉल्वर न्यायला येतोय तो, मला न विचारता. म्हणून तर आज आले.”

“वहिनी, नीट विचार करा. एकदा लाकूड घासलं की परत भरता येत नाही.”

विल्माने हातमोजा काढला आणि पंजा काउंटरवर पसरला.

“घे माप.”