कासरा धरलेला हात

कुरुळीच्या फ्लेक्सच्या दुकानात मी लॅमिनेशनसाठी थांबलो होतो. संगणकावर निलोफर होती आणि तिच्या मागे उभे राहून निघोजे गावचे कोंडीरामआबा शर्यत जिंकलेल्या आपल्या बैलाचा फोटो बघत होते.

"माझ्या भावाला काढ यातनं."

"हिरामणकाकांना? का हो आबा?"

"बोलत न्हाई आमी."

"बरं. हे बघा, गेले."

"आगं, पुसला का काय त्याला?"

"मी कुणाला पुसत नाही, आबा. वर मास्क टाकलाय. काळा ब्रश फिरवला की माणूस झाकला जातो, पांढरा फिरवला की परत दिसतो."

"मंजी आत हाय त्यो?"

"आहेत ना, जसेच्या तसे."

"हां. मग ऱ्हाऊ दे झाकलेला. पर कासरा असा हवेत का लोंबतोय?"

"धरलेला हात काकांचा होता. तोही झाकला गेला."

"बैल सुटल्यागत दिसतोय. गाव हसंल."

"काकांचा नुसता हात ठेवू?"

"भूत हाय का त्यो?"

"मग तुमचा लावते. कासरा धरलेला तुमचा एखादा फोटो द्या."

"तसला फोटो न्हाई."

"एकही नाही?"

"माझ्या हाताला उभा ऱ्हात न्हाई गं त्यो बैल."

"मग काय करू, आबा?"

"फिरव तुझा पांढरा ब्रश."

"हातापुरता?"

"हातापासनं सुरू कर. आन थांब जरा, चष्मा लावू दे. येताना बघू दे मला त्याला."